डोक्याकडची जाळी

टेंपो दारात थांबला तेव्हा मी अंगणात धुणं वाळत घालत होते. ह्यांना त्या दिवशी कारखान्याची सुट्टी होती, म्हणून मी अंगणात होते. नाहीतर त्या वेळी मी आमच्या खोलीत असायची, आणि खोलीच्या दाराला बाहेरून कडी.

टेंपोतून आण्णा उतरले. माझे वडील, दत्तोबा मेस्त्री. अंगात लग्नाकार्याचा काळा कोट, डोक्याला टोपी, हात रिकामे. आण्णा कुठंही गेले तरी त्यांच्या काखेत हत्यारांची पिशवी असायची. त्या दिवशी नव्हती. मला आधी तेच दिसलं.

"इंदे, आवर," ते म्हणाले. "न्यायला आलोय."

"किती दिवसांसाठी?"

"परत कशाला यायचंय?"

माझ्या हातातलं लुगडं तसंच दोरीवर पडलं. सासूबाई चुलीपुढून उठून आल्या, सासरे सोप्यावर आले. माझे यजमान, बळवंतराव, आंघोळ करून डोकं पुसत होते, ते तसेच टॉवेल घेऊन उभे राहिले. आण्णा सोप्यावर घोंगड्यावर बसले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी हात लावून परत केला. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत आणि आण्णा रीतीचे पक्के. चार वर्षांत किती खेपा घातल्या त्यांनी, पण घोटभर पाणी प्यायले नव्हते. उन्हातान्हातून यायचे, तोंड सुकलेलं असायचं, आणि म्हणायचे, "आत्ताच पिऊन आलो."

आता ते का आले होते हे सांगायला हवं.

माझं लग्न ठरलं तेव्हा आण्णांनी माझा पलंग स्वतः करायला घेतला. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान, मी तिथंच लाकडाच्या भुश्शात वाढलेली. रंधा धरता यायचा, स्क्रूला साबण लावून मग तो फिरवायचा हे मला अक्षरं यायच्या आधी येत होतं. मी आपली हौसेनं पदर खोचून पुढं झाले, तर आण्णांनी मला हाकललं.

"नवरीनं आपला पलंग घडताना बघायचा नसतो."

"हे कुठलं शास्त्र?"

"हाय आमच्यात."

आणि सागवान उचलून ते चक्क गावाबाहेरच्या एका दोस्ताच्या शेडात जाऊन काम करू लागले. आईला विचारलं, तर तीही म्हणाली, "मी तरी नाही बाई असलं कधी ऐकलं." मी रुसले होते. बापानं आपल्या हाताखालच्या मुलीला शेवटच्या कामाला हात लावू दिला नाही, याचा मला खरंच राग आला होता. पलंग मात्र असा झाला, की वऱ्हाड आधी पलंग बघायला गेलं आणि मग नवरी बघायला आलं. चारी खांबांवर कमळाची फुलं कोरलेली, आणि कुठं खिळा नाही, सांधा नाही, बोट फिरवलं तर एकाच झाडातून कोरून काढलाय असं वाटावं.

"मेस्त्री, लोखंडाचा कण नाही दिसत कुठं," सासरे कौतुकानं म्हणाले होते. तेही जातीनं सुतारच, पण हत्यार सोडून त्यांच्या घराला पिढी झाली होती.

"दिसत न्हाई खरं," आण्णा म्हणाले.

पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. आई रडत होती, मी रडत होते, बँडवाल्यानंसुद्धा जरा हळू वाजवलं. आण्णा जवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काय म्हणाले असतील? "पलंगाखाली डोक्याकडच्या अंगाला जाळी साठत्यात. हात घालून काढत जा."

आई म्हणाली, "अहो, पोरगी चाललीय आणि तुमचं हे काय जाळ्याचं?"

"साठत्यात म्हणून सांगितलं," म्हणून ते बाजूला झाले.

त्यानंतर प्रत्येक खेपेला त्यांचं तेच. तब्येत विचारायचे, पाऊसपाणी विचारायचे आणि उठता उठता, "जाळी काढतेस का?" मी म्हणायची, "काढते की आण्णा." काढत बिढत काही नव्हते. पलंग बुटका, डोक्याकडं खाली एक फळी आडवी मारलेली, तिच्या आड हात घालायला पालथं पडावं लागायचं. मी आपली बाजूनं केरसुणी मारायची आणि सोडून द्यायची. म्हातारपणी माणसाला एकेक खूळ लागतं, म्हणायची.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग ह्यांची कारखान्यात वजनकाट्यावर पाळी लागली, आणि ह्यांच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. मी कुणाशी तरी बोलते असं त्यांना वाटायला लागलं. कुणाशी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आमच्या खोलीला दोन झडपांचं रुंद दार होतं, त्याला वाळवी लागली म्हणून त्यांनी ते काढलं आणि तयार एकफळी दार आणून बसवलं. चौकटही नवी, अरुंद. कडी बाहेरून. रात्रपाळीला जाताना कडी घालायचे. मग दिवसपाळीलाही घालायला लागले. सासूबाई स्वयंपाकाच्या वेळेला उघडायच्या, काम झालं की खाली बघत परत लावायच्या.

मारहाण नव्हती. जेवायला दोन वेळ होतं. म्हणून कुणाला सांगायला जावं तर सांगायचं काय, हेच कळायचं नाही. मी तशी तोंडाळ बाई. माहेरी माझ्या आवाजानं गिऱ्हाईक दचकायचं. तिथं खोलीत दिवसभर बोलायला कुणी नाही, तर मी भिंतीशी भांडायची आणि मग माझाच आवाज ऐकून मला रडू यायचं.

एकदा आण्णा आले, तेव्हा नवं दार त्यांनी सोप्यावरूनच पाहिलं. उठून जवळ गेले. उंबऱ्याच्या आत काही गेले नाहीत. लेकीजावयाच्या खोलीत बाप पाऊल टाकत नाही, तीही रीतच. बाहेर उभं राहून त्यांनी कडीवरून अंगठा फिरवला.

"कडी बाहेरनं बसवलीया."

"मांजर शिरतंय," हे म्हणाले.

"मांजराला दार लोटलं तरी भागतंय की." आण्णांनी एकेका स्क्रूवर अंगठा टेकवला. "स्क्रू बी चांगलं लांब मारलंय." एवढंच बोलले आणि जाळ्यांचं विचारून गेले.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात सांगत होते, पलीकडं दुकानात आण्णांचा रंधा चालू होता. आई म्हणाली, "एक मूल होऊ दे, मग होईल सुरळीत." मी म्हटलं, "मूल झालं तर त्याच्यासकट कोंडतील." रंधा थांबला होता. नंतर बराच वेळ तो सुरू झालाच नाही. मी दिवाळी उरकून परत सासरी आले, आणि पुढच्याच आठवड्यात आण्णा कोट घालून दारात उभे.

सासऱ्यांनी केरबा आबांना बोलावणं धाडलं. केरबा आबा म्हणजे आमच्यातले गावातले सगळ्यांत थोर माणूस. भांडणतंटा, सोयरीक, वाटणी, सगळं त्यांच्यापुढं. ते आले, तंबाखू मळली, सगळ्यांचं ऐकून घेतलं. आण्णांनी फार काही सांगितलंच नाही. "दार बघा आणि कडी बघा," एवढंच म्हणाले. आबांनी मान वळवून दार बघितलं आणि परत तंबाखूकडं बघायला लागले.

"कडीचं समजवून सांगू बळवंताला," ते म्हणाले. "पोरगी चार दिवस माहेरला जाऊ दे. मन रमलं की येईल."

"चार दिवस न्हाई," आण्णा म्हणाले. "पलंगबी न्यायचाय."

आबांचा तंबाखू मळणारा हात थांबला. ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांना पलंगाचं एवढं काय असं वाटेल. आमच्यात बाई कायमची माहेरी आली की लग्नात दिलेला पलंग तिच्याबरोबर येतो. पलंग सासरी आहे तोवर ती सासरचीच. महिन्यानं या, वर्षानं या, नवरा चार माणसं घेऊन दारात येणार, 'पलंग आमच्याकडं आहे' म्हणणार आणि घेऊन जाणार. मग माहेरच्यानं तोंड उघडायचं नाही. आण्णा रीत मोडणाऱ्यातले नव्हते. पलंग राहिला असता, तर पुढच्या संक्रांतीपर्यंत मी परत त्या कडीच्या आत असते. हे मला कळत होतं, सासऱ्यांना कळत होतं आणि सोप्यावर बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

सासरे हसले. "न्या की मेस्त्री. तुमचाच हाय पलंग. पर न्यायचा कसा? खोलीचं दार बघितलंसा न्हवं? पलंग आत गेला तवा दोन झडपांचं हुतं. आता डोक्याकडचा खांबसुद्धा बाहेर येत न्हाई."

"त्ये आमचं आम्ही बघतो."

"चौकट काढू देणार न्हाई."

"नगा देऊ."

केरबा आबा म्हणाले, "आणि दत्तोबा, करवत लावायची न्हाई. मोडलेला पलंग नेला तर नेला असं धरत न्हाईत. ठाऊक हाय न्हवं तुला?"

आण्णांनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. "ठाऊक हाय आबा. मला ठाऊक असायचं न्हाई तर कुणाला? दाराला धक्का न्हाई, पलंगाला करवत न्हाई. आख्खा भाग आख्खा ऱ्हायला पायजे. ठरलं?"

"ठरलं."

"पावणं, तुमचं?"

"ठरलं की," सासरे म्हणाले. मांडी घालून निवांत बसले.

मला आण्णांचा असा राग आला! मेस्त्री माणूस, दाराचं माप डोळ्यानं सांगणारा, आणि चार माणसांत शब्द देऊन बसला. बरोबर एक पटाशीसुद्धा नाही. त्यातून खोलीत पाऊल टाकता येत नाही. मी आत कपडे भरायला गेले, ट्रंक ओढली, तर डोळ्यांसमोर सगळं धूसर. पाच लुगडी त्या ट्रंकेत तीनदा घातली आणि काढली.

आणि सोप्यावरून आण्णांचा आवाज आला. "इंदे, जाळी काढलीस का डोक्याकडची?"

"आण्णा!" मी आतूनच ओरडले. "आत्ता जाळी?"

"मेस्त्री, बरं वाटत न्हाई का तुमास्नी?" सासरे म्हणाले. सगळे हसले. हेही हसले.

"काढ म्हटलं की," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज हसण्यातला नव्हता. "केरसुणीनं नगं. हातानं. फळीच्या आत."

मी पालथी पडले. दुसरं काय करणार? फळीच्या आड हात घातला. जाळी होतीच, चार वर्षांची, बोटाला चिकटली. तिच्या मागं काहीतरी गार लागलं. लोखंड. चाचपलं तर चाकी, म्हणजे नट, पण साधी नाही, दोन कान असलेली, पान्ह्याशिवाय नुसत्या बोटांनी फिरणारी. दुकानात आम्ही ती फिरत्या खिडक्यांना लावायचो. मी डावीकडं फिरवली, तर ती लोण्यासारखी फिरली. भरपूर ग्रीस होतं. कुठल्याशा कोपऱ्यात ती घरंगळली आणि माझ्या तळहातावर एक जड वस्तू येऊन पडली.

नळीचा पान्हा. हातभर लांब, एका टोकाला काटकोनात वाकवलेला. तो तिथं माझ्या डोक्याखाली चार वर्षं होता.

मी उठून बसले. पान्हा आहे, पण बोल्ट कुठाय? सगळा पलंग डोळ्यांनी पिंजून काढला. एवढ्यात बाहेरून परत, "आणि खांबावरची फुलं लई काळी पडली असतील. काढून पूस जरा."

"हे काय घर साफ करायला आलेत का?" सासूबाई चुलीकडून म्हणाल्या.

काढून पूस. मी पायथ्याच्या खांबावरच्या कमळाच्या कडेला केसातला आकडा घातला. मेण लावून बसवलं होतं. आकडा वाकला, मग फूल सुटून हातात आलं. त्याच्या मागं काळं भोक आणि खोल आत बोल्टाचं चौकोनी डोकं. साधा पान्हा तिथं पोचलाच नसता. नळी मात्र आत गेली आणि अशी बसली, जशी तिच्यासाठीच केली होती. तिच्यासाठीच केली होती.

पहिला बोल्ट काही केल्या हलेना. मी दोन्ही हातांनी दाबलं, मग भिंतीला पाय लावून ओढलं. कट्ट असा आवाज झाला आणि तो सुटला. पुढं नुसत्या हातानं. तेवढ्या आवाजानं हे आत आले.

माझ्या हातात पान्हा, जमिनीवर फूल, बाहेर आलेला बोल्ट. त्यांनी बघितलं आणि त्यांना समजलं. हुशार होते तसे. ते ओरडले नाहीत. आले आणि पलंगावर पायथ्याशी बसले. दोन्ही हात गादीवर टेकून, घट्ट.

"उठा," मी म्हटलं.

"न्हाई उठत. आता खोल."

मी दुसऱ्या बाजूच्या खांबाकडं गेले आणि तिथलं फूल काढायला लागले.

"इंदू," ते हळू आवाजात म्हणाले. चार वर्षांत त्या आवाजात त्यांनी मला हाक मारली नव्हती. "लोक काय म्हणतील? कारखान्यात तोंड दाखवायचं मला. मी काय वाईट माणूस हाय का? दारू न्हाई, हात उचलला न्हाई कधी. तुला बाहेर कुणी बघितलं की माझ्या पोटात खड्डा पडतोय. त्याला मी काय करू? कडीच खुपती न्हवं तुला? कडी काढतो मी."

माझा हात थांबला. खरं सांगते, थांबला. माणूस अजिजीनं बोलत होता आणि मला त्यांची दया आली. चार वर्षं मी त्यांच्याच ताटातलं जेवले होते.

"कधी?" मी विचारलं.

"उद्या. उद्याच काढतो बघ."

"उद्या कशाला? चार स्क्रू आहेत. फडताळात स्क्रू ड्रायव्हर आहे, तुम्हीच ठेवलाय. आत्ता काढा. मी हा बोल्ट परत आवळते आणि आण्णांना सांगते, जावा घरी."

त्यांनी दाराकडं बघितलं. दार उघडं होतं, कडी बाहेर लोंबत होती, उन्हात चकाकत होती. पलंगापासून चार पावलांवर फडताळ.

मी वाट बघितली. उठले असते तर मी राहिले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. बोलले होते ना मी.

ते उठले नाहीत. "आधी तू ते ठेव खाली," म्हणाले. "मग बघू."

मी पान्हा बोल्टावर चढवला.

हा बोल्ट जड गेला नाही, की मलाच जोर आला होता, कोण जाणे. निघाला. आता पायथ्याची फळी नुसती खाचेत बसणाऱ्या कुसाच्या टोकावर उभी होती आणि वर बळवंतराव. मी खांबाला दोन्ही हात लावले, पाय रोवले आणि बाहेर ओढलं. पलंगाचा पायथा हळूच खाली गेला. हे गादीसकट घसरले आणि जमिनीवर येऊन बसले, मांडी घालून, जेवायला बसल्यासारखे. लागलं बिगलं काही नाही. फक्त बसून राहिले.

"काय पडलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आत्ती," मी म्हटलं. "पलंग निघतोय."

उशाकडचे दोन बोल्ट खोलले. मग एकेक भाग मी स्वतः बाहेर आणला. आधी पायथ्याची फळी, मग लांबचे दोन दांडे, मग पाट्या. डोक्याकडची फळी सगळ्यांत जड. ती आडवी केली, तिरकी केली आणि त्या अरुंद दारातून चौकटीला स्पर्श न करता काढली. मी एक भाग आणून ठेवायची, आत जायची, दुसरा आणायची. आण्णा जागचे हलले नव्हते. गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, फक्त ओठ हलत होते. भाग मोजत असावेत.

"मोडला!" सासरे उठून उभे राहिले. "आबा, हे ठरलं नव्हतं. मोडला पलंग!"

केरबा आबा वाकले. खांबाचं टोक हातात घेऊन बघितलं, भोकात बोट घातलं, बोटाला लागलेलं ग्रीस धोतराला पुसलं. मग आण्णांकडं बघितलं.

"मोडला कुठं? करवत लागली न्हाई, चौकट शाबूत हाय. आख्खा भाग आख्खा हाय." आणि ते सासऱ्यांना म्हणाले, "धोंडीराम, तूच ठरलं म्हणालास. जाऊ दे पोरीला."

टेंपोवाल्यानं आणि आण्णांनी सगळं चढवलं. मी चपला घालत होते, तेव्हा सासूबाई मागून आल्या. त्यांनी पदराखालून मूठ पुढं केली. त्यांच्या हातात ती दोन कानांची चाकी होती.

"ट्रंकेच्या मागं पडली हुती," त्या म्हणाल्या. "लागतीया न्हवं?"

मी घेतली. त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोळे वर करून माझ्याकडं बघितलं. कडी रोज त्याच लावत होत्या.

गावाबाहेर नळकोंडाळं लागलं, तिथं आण्णांनी टेंपो थांबवला. कोट काढला आणि ओंजळीनं पाणी प्यायले. किती प्यायले! मला वाटलं, थांबतच नाहीत आता.

"आण्णा," मी विचारलं, "तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"ठाऊक असतं तर दिली असती का तुला?"

"मग सरळ सांगायचं की पान्हा आहे म्हणून! चार वर्षं जाळी, जाळी. मला वाटलं, तुम्हाला वेड लागलं."

"सरळ सांगितलं असतं तर पहिल्या भांडणालाच पलंग खोलून दारात आली असतीस. तुझा सोभाव मला म्हाईत न्हाई व्हय?" त्यांनी तोंड पुसलं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी काही आवरलं नाही, मोकळं रडले.

माझं रडून होईपर्यंत ते नळापाशी उभे राहिले. मग म्हणाले, "हौसाआक्काचा पलंग मीच केला हुता."

हौसाआक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मी जन्मायच्या आधीच गेलेली. आमच्या घरात तिचा फोटो नव्हता आणि विषयही नव्हता.

"माझा पहिला पलंग. सरसानं चिकटवलेला आणि लाकडाच्या खुंट्या ठोकलेला. सगळं गाव बघायला आलं हुतं, असा सांधा म्हणून. तिला न्यायला गेलो, तर त्यांनी मधी भिंत घातलेली. पलंग निघंना. तोडून नेतो म्हटलं, तर आबाच म्हणाले, मोडलेला चालत न्हाई. हेच केरबा आबा. मग पलंग ऱ्हायला आणि आक्का बी ऱ्हायली." त्यांनी नळ बंद केला. तो गळत होता, म्हणून परत आवळला. "पुढच्या दसऱ्याला न्हवती ती. विहिरीत सापडली. लई चांगला सांधा केला हुता मी."

मग कोट खांद्यावर टाकून ते टेंपोत बसले.

मी परत लग्न केलं नाही. आण्णांच्या हाताखाली बसले, आणि ते गेल्यावर दुकान माझंच झालं. बाईमाणूस रंधा मारते म्हणून लोक आधी बघायला यायचे, आता पलंग सांगायला येतात. मुलीचे बाप येतात आणि म्हणतात, "बाई, लोखंड दिसायला नको." दिसत नाही. फुलं मी कोरते, बोल्टाला ग्रीस मी भरते आणि डोक्याकडच्या फळीच्या आड पान्हाही मीच लावते. फक्त आण्णांसारखं जाळ्याबिळ्यांचं मला जमत नाही. मुलीला बोलावून घेते, खाली झोपायला लावते आणि म्हणते, घाल हात. बऱ्याच जणी खिदळतात. खिदळू देत. बहुतेकींना त्याची गरज पडत नाही, आणि पडूही नये.

गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी दुकानासमोर टेंपो थांबला. मागं पलंगाचे भाग, नीट दोरीनं बांधलेले. खांबावरची फुलं माझ्या हातची, लगेच ओळखली. पुढून एक पोरगी उतरली. तिचं नाव मला आठवेना, पण लग्नाआधी पलंगाखाली झोपून सगळ्यांत जास्त खिदळली होती, ती हीच. ती दारात उभी राहिली.

मी रंधा खाली ठेवला आणि तिला आधी पाणी दिलं. ती प्याली.

"सगळे भाग आलेत?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली. मग खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि पान्हा काढून माझ्यापुढं धरला.

"तुमचा आहे ना?" ती म्हणाली. "परत द्यायचा असतो का?"

"ठेव," मी म्हटलं. "पलंग जोडायलाही तोच लागतो."